नाव नसलेली शस्त्रे : युद्धकालीन हेरांच्या पिस्तुलांवरील ओळखखुणांचे वाचन

१

परभणी जिल्ह्यातील हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी संकलित करणारे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी अधूनमधून प्रस्तुत लेखकाकडे एक प्रश्न घेऊन येतात. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू या भागांतील, तसेच १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात मोडणाऱ्या वसमत-कळमनुरीकडील वृद्ध निवेदकांच्या बोलण्यात शस्त्रांचा उल्लेख वारंवार येतो. क्वचित एखादे जुने छायाचित्र दाखविले जाते आणि त्यासोबत सांगितले जाते की, हे पिस्तुल महायुद्धातील एका हेराचे होते. त्यावर कसलेच नाव नाही, हाच त्याचा पुरावा. विद्यार्थ्यांचा प्रश्न असा की, हे विधान टिपणात कसे नोंदवावे? ते खरे मानावे, की दंतकथा म्हणून बाजूस सारावे?

प्रस्तुत लेखक शस्त्रविद्येचा जाणकार नव्हे. भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. परंतु पिस्तुलाच्या पोलादावर ठोकलेली अक्षरे, आकडे व आकृत्या ही अखेर चिन्हेच होत, आणि चिन्हांचे वाचन करण्याच्या काही रीती आपल्या शास्त्राने सिद्ध केल्या आहेत. त्या येथे कितपत उपयोगी पडतात हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : कोणतीही ओळखखूण कोणाला तरी उद्देशून केलेली असते. हेराच्या शस्त्रावर कोणती खूण ठेवली आणि कोणती गाळली, हे ती खूण कोणी वाचावी व कोणी वाचू नये यावरून ठरत असे. म्हणून खुणेच्या अभावाचा अर्थही खुणांची संपूर्ण व्यवस्था ठाऊक असल्यावाचून लावता येत नाही.

२

अशी शस्त्रे या प्रदेशाच्या आसपास येण्याचा संभव होता काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. शत्रुव्याप्त प्रदेशात घातपात घडविण्यासाठी व प्रतिकारास साह्य करण्यासाठी ब्रिटनने १९४० साली जी गुप्त संघटना उभारली, तिची भारतातील शाखा प्रथम मीरत येथून काम पाहत असे. १९४४ पासून ती 'फोर्स १३६' या नावाने ओळखली जाऊ लागली व त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे मुख्यालय सिंहलद्वीपातील कँडी येथे गेले. मलायात उतरविण्यात आलेल्या तिच्या चिनी हस्तकांपैकी कित्येकांचे शिक्षण पुण्याजवळ खडकवासला येथे झाले. त्यांतील पहिली तुकडी मे १९४३ मध्ये एका डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा हेरांचे शिक्षण व त्यांची शस्त्रे या गोष्टी महाराष्ट्राच्या भूमीस अगदीच अपरिचित होत्या असे नाही.

दुसरा धागा आपल्या अधिक निकटचा आहे. १९४८ साली हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी चालू असता सिडनी कॉटन नामक ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या वेळी विमानांनी बीदर व वरंगळ येथे शस्त्रे उतरविली. हाच कॉटन १९३९ साली ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी छुपे कॅमेरे बसविलेल्या विमानातून जर्मनीची छायाचित्रे घेत होता. महायुद्ध संपल्यावर जगभर विखुरलेल्या शस्त्रांपैकी काही अशा वाटांनी संस्थानात आली आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हातोहाती पांगली असणे शक्य आहे. परंतु शक्यता म्हणजे प्रमाण नव्हे. विशिष्ट पिस्तुलाविषयी काही म्हणावयाचे तर त्या पिस्तुलाकडेच वळावे लागते.

३

सैनिकी पिस्तुलावरील खुणांचे प्रकार समजून घेण्यास आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरण पुरेसे आहे. आपल्याकडे पितळेच्या वा स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. एकाच पातेल्यावर कारखान्याचा छाप असतो, क्वचित वजनाचा आकडा असतो, आणि बाजारात ठोकून घेतलेले 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' किंवा 'चि. सौ. कां. अमुक हिस' असे नाव व तारीख असते. हे लेख वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वाचकांसाठी केलेले असतात. पिस्तुलाचेही असेच आहे.

पहिली खूण निर्मात्याची : कारखान्याचे नाव, गाव, नमुना. दुसरी अनुक्रमांकाची. नमुन्याचे नाव हे सामान्यनाम, तर अनुक्रमांक हे विशेषनाम होय. अकबराच्या काळात मनसबदारांच्या घोड्यांना दाग देत, तो एकच घोडा दोनदा दाखवून पगार उचलता येऊ नये म्हणून. अनुक्रमांकाचे प्रयोजन याच जातीचे आहे. तिसरी खूण परीक्षेची : नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून ती टिकली असे सांगणारी. चौथी स्वीकृतीची : सैन्याच्या तपासनिसाने माल पसंत केल्याची. पाचवी मालकीची.

मालकीच्या खुणांत ब्रिटिश सरकारचा रुंद फाळाचा बाण प्रसिद्ध आहे. साम्राज्यातील निरनिराळ्या देशांनी हे मूळ चिन्ह घेऊन त्यात आपापले भेद केले. कॅनडाने बाण रोमन 'सी' अक्षराच्या पोटात ठेवला. ऑस्ट्रेलियाने तो दोन 'डी' अक्षरांमध्ये बसविला. भारतात बाणाखाली 'आय' हे अक्षर आले. एका भाषेच्या बोली व्हाव्यात तशीच ही स्थिती आहे. याच चिन्हाला नकारवाचक रूपही आहे. शस्त्र सरकारी सेवेतून विकून टाकले की, दोन बाण टोकाला टोक लावून ठोकीत. एक बाण म्हणजे 'सरकारचे', समोरासमोर दोन बाण म्हणजे 'आता सरकारचे नव्हे'. हा दुसरा बाण न पाहता केवळ पहिल्यावरून निष्कर्ष काढणारा वाचक, वाक्यातील 'नाही' गाळून वाचणाऱ्यासारखा फसतो.

असाच आणखी एक लेख ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९२५ ते १९५५ या काळात परदेशी बनावटीचे शस्त्र ब्रिटनमधील नागरी परीक्षागृहातून जाई, तेव्हा त्यावर 'इंग्रजी बनावटीचे नव्हे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकले जात. ज्या पिस्तुलावर हे शब्द आहेत ते या तीस वर्षांत केव्हातरी ब्रिटनच्या नागरी व्यापारातून गेले आहे, एवढे निश्चित. ते हेराने वापरले की नाही, याविषयी तो लेख मौन पाळतो.

पिस्तुलासोबत काडतुसे आढळल्यास ती स्वतंत्र साक्षीदार समजावी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेल्या काडतुसाच्या बुडावर 'के' व 'एफ' ही रोमन अक्षरे व वर्षाचे आकडे असतात. त्यावरून काडतुसाचे गाव व साल कळते. पिस्तुलाचे कळत नाही.

४

निर्मात्याचे नाव उघड लिहिणे युद्धकाळात धोक्याचे ठरते. शत्रूच्या हाती पडलेल्या शस्त्रांवरील नावे व क्रमांक जुळवून कोणत्या गावी कोणता कारखाना किती माल काढतो याचा अंदाज बांधता येतो. म्हणून जर्मनीने कारखान्यांना अक्षरसंकेत दिले. वाल्थर या कारखान्याच्या पिस्तुलावर 'ए-सी', तर ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याच्या पिस्तुलावर 'बी-वाय-एफ' एवढीच अक्षरे व वर्षाचे दोन आकडे येऊ लागले. सोस्यूरने चिन्ह व अर्थ यांतील संबंध यादृच्छिक असतो असे म्हटले; येथे ती यादृच्छिकता हेतुपुरस्सर निर्माण केलेली दिसते. 'बी-वाय-एफ' या अक्षरांत माउझर या नावाचा लवलेशही राहू नये, हेच तर संकेत ठरविणाऱ्यांना हवे होते. संकेताची यादी ज्याच्यापाशी आहे त्याला तो लेख स्पष्ट, इतरांना मुका.

अशा संकेतांचे वाचन व्यवस्थेबाहेर केले तर काय होते याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. जर्मन यादीत 'सी-एच' ही अक्षरजोडी बेल्जममधील हेर्स्ताल येथील फाब्रिक नासिओनाल या कारखान्यासाठी राखली होती. ब्राउनिंगचे प्रसिद्ध नऊ मिलिमीटर पिस्तुल याच कारखान्याचे, आणि १९४० नंतर तो जर्मनांच्या ताब्यात होता. तेच पिस्तुल १९४४ पासून टोरांटो येथील जॉन इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी बनविले. या कॅनडातील पिस्तुलांच्या अनुक्रमांकातही 'सी-एच' अक्षरे आढळतात. पण तेथे त्यांचा अर्थ 'चीनसाठी' असा आहे. अन्यत्र पाठविण्याच्या मालाच्या क्रमांकात त्या जागी 'टी' अक्षर असे. अक्षरे तीच, पिस्तुलाचा मूळ नमुनाही तोच, पण एका व्यवस्थेत ती कारखाना सांगतात, तर दुसऱ्या व्यवस्थेत गिऱ्हाईक. मराठीत 'कर' म्हणजे हात की सरकारी देणे, हे वाक्यावाचून ठरत नाही, तसेच हे.

चीनसाठी बनविलेल्या या पिस्तुलांच्या सरकत्या भागावर चिनी लिपीतील सहा अक्षरेही कोरलेली असत. 'चिनी प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय मालकीचे' असा त्यांचा आशय. ही अक्षरे पाहून कोणासही वाटावे की, हे शस्त्र चिनी सैनिकाने किंवा हस्तकाने वापरले असले पाहिजे. वस्तुतः अशी अक्षरे असलेली कित्येक पिस्तुले चीनला गेलीच नाहीत; ती कॅनडाच्या सैन्याने वापरली. खूण ठोकतेवेळी जो हेतू होता तो खुणेत गोठून राहतो. पुढची हकिकत बदलली तरी खूण बदलत नाही. भांड्यावर आत्याचे नाव असते आणि भांडे भाचीच्या घरी असते, यात कोणी खोटे बोललेले नसते.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्यावर नाव नाही असे पिस्तुल काय सांगते?

मराठीत 'घोडा' याचे अनेकवचन 'घोडे' होते, पण 'दगड' हा शब्द एकवचनी व अनेकवचनी एकसारखाच राहतो. 'दोन दगड' यात बहुवचनाचा प्रत्यय दिसत नाही, तरी तेथे अनेकत्व आपल्याला प्रतीत होते. कारण त्या जागी प्रत्यय असावयास हवा ही अपेक्षा 'घोडे' या रूपाने निर्माण केलेली असते. पाणिनीने यासाठी लोप ही संज्ञा योजिली आणि प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य उरते, असेही सांगून ठेवले. तात्पर्य, केवळ 'नसणे' अर्थवाही नसते. जेथे असणे अपेक्षित आहे तेथील नसणे अर्थवाही असते.

हेरांच्या शस्त्रांत या तत्त्वाची दोन उत्तम उदाहरणे सापडतात. पहिले वेलरॉड हे जवळजवळ नि:शब्द पिस्तुल. ते हर्टफर्डशायर परगण्यातील वेल्विन येथील गुप्त प्रयोगशाळेत तयार झाले. बाहेरील जगासाठी त्या संघटनेचे एक टोपणनाव 'आंतरसेना संशोधन केंद्र' असे साळसूद होते, ही गोष्ट आपल्यासारख्या संशोधन-पत्रिकेच्या वाचकांस गमतीची वाटेल. वेलरॉडची मूठ हीच त्याची काडतुसांची पेटी असे. मूठ काढून घेतली की केवळ एक नळी उरे व ती सायकलच्या पंपासारखी दिसे. त्यावर निर्मात्याचे नाव नाही. ते बर्मिंगहॅममधील बी. एस. ए. या कंपनीने बनविले असे सामान्यतः मानतात. मात्र त्यावर अनुक्रमांक आहे, आणि काही दुर्बोध अक्षरे व चिन्हेही आहेत. हा भेद महत्त्वाचा होय. नाव शत्रूने वाचले असते, म्हणून ते गाळले. क्रमांक कोठारातील कारकुनास हवा होता, म्हणून तो राखला. अत्यंत गुप्त शस्त्रदेखील हिशेबातून सुटत नाही. म्हणजे खुणांची निवडच आपल्याला सांगते की, दोन भिन्न वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे शस्त्र घडविले गेले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील लिबरेटर या पिस्तुलाचे. १९४२ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सच्या, एरवी मोटारींचे दिवे बनविणाऱ्या विभागाने अँडरसन येथील कारखान्यात अशी सुमारे १०,००,००० पिस्तुले अवघ्या काही आठवड्यांत तयार केली. पत्र्याचे, एकबारी, ओबडधोबड असे हे शस्त्र व्याप्त देशांतील प्रतिकारकांच्या हाती पडावे अशी कल्पना होती. युरोपात त्याचे वाटप फारसे झाले नाही. त्यावर निर्मात्याचे नाव नाही आणि अनुक्रमांकही नाही. येथे कारकूनदेखील वाचक उरलेला नाही. कारण शस्त्र परत यावयाचेच नव्हते. सोबतच्या कागदावर वापराची रीत शब्दांवाचून, केवळ चित्रांनी दाखविलेली असे, म्हणजे कोणत्याही भाषेच्या माणसास ती कळावी. इतकेच नव्हे, तर कारखान्यासाठी काढलेल्या मूळ आराखड्यांत नळीला 'बंदुकीची नळी' न म्हणता नुसती 'नलिका', चापाला 'जू' अशी निरुपद्रवी नावे दिली होती. आणि साऱ्या वस्तूचे नाव होते 'प्रकाशबाण फेकण्याचे साधन'. शस्त्र लपविण्याचा आरंभ पोलादापासून नव्हे, शब्दापासून झाला होता.

या दोहोंच्या तुलनेने 'नाव नाही' या विधानाचा अपुरेपणा उघड होतो. कोणते नाव नाही? निर्मात्याचे, की मालकाचे? क्रमांक आहे की तोही नाही? परीक्षेची खूण आहे की नाही? गावठी कारागिराने बनविलेल्या कट्ट्यावरही नाव नसते. पण तेथे नावाची अपेक्षाच नसल्याने त्या नसण्याला लोप म्हणता येणार नाही.

६

शिवाय नसणे आणि पुसलेले असणे यांत अंतर आहे. लेखाचा ठसा पोलादावर हातोड्याने अगर यंत्राने दाबला जातो तेव्हा पृष्ठभागाखालील धातूचीही रचना विस्कटते. वरचा थर कानशीने घासून टाकला तरी खालची विकृती राहते. योग्य आम्लद्रावणाने वा चुंबकीय चूर्णाने प्रयोगशाळेत ते आकडे पुष्कळदा पुन्हा दृष्टीस आणता येतात. जुन्या ताम्रपटावरील आधीचा लेख ठोकून सपाट केल्यावरही तिरप्या उजेडात दिसावा, तसाच हा प्रकार. आरंभीच क्रमांक न ठोकणारा आणि मागाहून क्रमांक घासणारा हे दोन निराळे कर्ते आहेत. पहिल्यामागे बहुधा राज्यसंस्थेचा हेतू असतो, दुसऱ्यामागे बहुधा व्यक्तीचा. घासलेल्या क्रमांकास हेराची खूण समजणे म्हणजे खाडाखोडीस मूळ पाठ मानणे होय.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक वा अन्य ओळखखूण पुसणे, बदलणे अगर बनावट करणे यांस मनाई केली आहे. तसे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती खूण पुसली, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. संकलनास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानी घ्यावे. आजोबांची आठवण म्हणून अभिमानाने दाखविलेली वस्तू घरमालकास अडचणीत आणू शकते. अशी वस्तू हाताळू नये, घासूनपुसून वाचण्याचा यत्न करू नये, आणि ती रीतसर नोंदविण्याचा सल्ला घरच्यांस द्यावा.

७

खुणा सर्व सुस्पष्ट असल्या तरी त्यांची मर्यादा उरतेच. १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात आली आणि त्यांपैकी एक २१ डिसेंबर रोजी नाशिक येथे जॅक्सनच्या वधात वापरले गेले. निर्मात्याचे नाव या विसांवर सारखेच. त्यांतील एकास दुसऱ्यापासून वेगळे करण्याचे सामर्थ्य फक्त क्रमांकात. परंतु क्रमांक तरी किती सांगतो? ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या ज्या इटालियन बेरेटा पिस्तुलाने झाली, त्याचा क्रमांक ६०६८२४ हा न्यायालयीन कागदपत्रांत नोंदलेला आहे. ग्वाल्हेरीस ते कोणी मिळवून दिले हे साक्षींवरून पुढे आले, क्रमांकावरून नव्हे. इटलीच्या सैन्यासाठी घडलेले पिस्तुल ग्वाल्हेरपर्यंत कोणकोणत्या हातांतून आले हे त्यावर कोरलेले नाही, कोरलेले असणे शक्यही नव्हते. क्रमांक वस्तूची ओळख पटवितो, तिचे चरित्र सांगत नाही. चरित्र माणसांच्या बोलण्यात व दप्तरांत असते.

म्हणून निवेदकाचे बोलणे टाकाऊ नव्हे. मात्र तेही चिन्हच आहे, आणि तितक्याच काळजीने वाचावयास हवे. आपल्या भागातील वृद्ध 'पिस्तुल', 'तमंचा', 'रिव्हॉल्वर', 'भरमार' हे शब्द कसे वापरतात याची नोंद घ्यावी. 'पिस्तुल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, 'भरमार' म्हणजे तोंडाकडून ठासण्याची बंदूक. ज्या निवेदकाला हे भेद सूक्ष्मपणे ठाऊक आहेत त्याच्या साक्षीचे वजन निराळे. 'नाव नव्हते' असे तो म्हणतो, तेव्हा त्याला रोमन अक्षरे वाचता येत होती काय, हेही विचारले पाहिजे. न वाचता आलेले नाव स्मृतीत 'नसलेले नाव' होऊन बसते.

टिपण करताना पुढील क्रम ठेवावा. छायाचित्रातील प्रत्येक खूण जशी दिसते तशी, जागेसह उतरून घ्यावी. अक्षरांमधील अंतर, आकार व खोली नोंदवावी. पुसट अक्षर अनुमानाने भरू नये. आपण शिलालेखाच्या वाचनात जे चौकोनी कंस योजितो तेच येथेही योजावेत. मग खुणेचा प्रकार ठरवावा, तिचा उद्दिष्ट वाचक कोण होता ते पाहावे, आणि सर्वांत शेवटी निवेदकाची हकिकत, त्याच्याच शब्दांत, स्वतंत्र रकान्यात लिहावी. दोन रकाने जुळले तर उत्तम. न जुळले तर ते तसेच राहू द्यावेत.

असे केल्यावर बहुतेक वेळा निष्कर्ष एवढाच निघेल की, हे शस्त्र हेराचे होते असे म्हणण्यास खुणांचा आधार नाही, आणि नव्हते असे म्हणण्यासही नाही. हा निष्कर्ष निराशाजनक वाटण्याचे कारण नाही. मुक्तिसंग्रामात ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे मोठेपण त्यांच्या हातातील पिस्तुल कोठल्या कारखान्यात घडले यावर अवलंबून नाही. उलट, त्यांच्या हकिकतीस न पेलणारा पुरावा चिकटविला, तर तो निखळून पडेल त्या दिवशी खऱ्या हकिकतीवरील विश्वासही सोबत घेऊन जाईल. तो विश्वास जपणे हे संकलकाचे पहिले कर्तव्य होय.